रिद्धपूरची पोथी आणि दूरची शाखा

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचे एक गाव आहे. गाव लहान, पण मराठी भाषेच्या इतिहासात त्याचे स्थान फार मोठे आहे. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू याच गावी राहत. चक्रधरस्वामींच्या पश्चात त्यांचे अनेक शिष्य येथे येऊन राहिले. त्यांच्यापैकी म्हाइंभट यांनी इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. मराठी गद्यातील सर्वांत जुन्या ग्रंथांत त्याची गणना होते. रिद्धपूर येथे २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले, त्यामागे गावाचा हाच वारसा आहे.

विज्ञानाच्या मासिकात पोथीची गोष्ट कशासाठी, असे तुम्हांला वाटेल. कारण असे की, आज जगभरातील संगणकतज्ज्ञ ज्या एका प्रश्नाशी रोज झुंजतात, तोच प्रश्न सातशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातील या पोथीपुढे उभा राहिला होता. एकच मजकूर अनेक ठिकाणी, अनेक हातांत वाढत असेल तर दूरच्या प्रतीत काय चालले आहे, हे आपल्याला कसे कळावे? आणि कळल्यावर तिचे काय करावे?

हरवलेली पोथी

म्हाइंभटांनी काम केले ते एखाद्या संशोधकासारखे. चक्रधरस्वामींबरोबर जे हिंडले होते, ज्यांनी त्यांचे बोलणे स्वतःच्या कानांनी ऐकले होते, अशा माणसांकडून त्यांनी आठवणी गोळा केल्या. नागदेवाचार्य हे त्यांतले प्रमुख. या आठवणींना ‘लीळा’ म्हणतात. अशा शेकडो लीळा एकत्र गुंफून ग्रंथ झाला. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग आहेत.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या यादवांवर दिल्लीच्या सुलतानांच्या स्वाऱ्या झाल्या. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांनी तो आठवून पुन्हा सांगितला आणि लिहिला. पण आठवणारी माणसे अनेक होती. हिराइसेने सांगितलेला तो हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा तो परशरामबासांचा पाठ, असे निरनिराळे पाठ तयार झाले. त्यांच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, आणि पंथाच्या मठांबरोबर त्या पार पंजाबपर्यंत पोचल्या. एका खोडाला फांद्या फुटाव्यात तशा एका ग्रंथाला शाखा फुटल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या पोथ्या लिहिणाऱ्यांनी वेगवेगळे पाठ एकमेकांत कालवून टाकले नाहीत. मजकुरात मध्येच ‘हिराइसा’ असे नाव घालून तिचा पाठ वेगळा दाखवलेला आढळतो. कधी ‘एकी वासना’ असे शब्द येतात. येथे ‘वासना’ याचा अर्थ पाठभेद. म्हणजे ‘एका पाठाप्रमाणे असे आहे’. लिहिणारा स्वतःचा पाठ सोडत नाही, पण दुसऱ्याचा पाठही लपवत नाही. तो कोणाचा, हे सांगून शेजारी ठेवतो. ही सवय लक्षात असू द्या. पुढे ती आपल्याला संगणकातही भेटणार आहे.

राहिले की घातले?

आता असे समजा की तुमच्यापुढे दोन पोथ्या आहेत. पहिलीत एक लीळा आहे, दुसरीत ती नाही. काय झाले असेल? दुसऱ्या पोथीच्या लेखकाकडून ती राहून गेली असेल, किंवा पहिल्या पोथीच्या लेखकाने ती मागाहून घातली असेल. दोन्ही गोष्टी शक्य आहेत. केवळ या दोन पोथ्या समोर ठेवून, कितीही वेळ विचार केला तरी निर्णय होत नाही. निर्णयासाठी तिसरी पोथी हवी. आणि तीही कोणती तरी नव्हे, तर ज्या पोथीपासून या दोन्ही निघाल्या ती. तिच्यात लीळा असेल तर दुसऱ्याकडून राहिली; तिच्यात नसेल तर पहिल्याने घातली. इतके सरळ!

पण ती समान पूर्वज पोथीच हरवलेली असते. म्हणून विद्वानांना उलट दिशेने जावे लागते. अनेक पोथ्या जमवायच्या, त्यांतील सारख्या चुका शोधायच्या, आणि ज्या पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळते त्या बहुधा एका घराण्यातल्या, असे ठरवत वंशवृक्ष तयार करायचा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच मार्गाने तयार केली. ते काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. लीळाचरित्राच्या पोथ्यांवर ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी परिश्रम केले. कोलते हे मूळचे बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे, म्हणजे वऱ्हाडचेच. त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले.

या विद्वानांना इतके कष्ट का पडले? नकल करणाऱ्याने नकल करतानाच ‘मी अमक्या पोथीवरून, अमक्या दिवशी, अमुक एवढा बदल करून ही प्रत उतरवली’ अशी नोंद दर वेळी ठेवली असती तर वंशवृक्ष आपोआप तयार झाला असता. संगणकावर नेमके हेच काम करणारी एक योजना आज आहे. तिचे नाव ‘गिट’.

नोंदींची साखळी

गिटची सुरुवात लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये केली. ‘लिनक्स’ या संगणक-प्रणालीवर जगभरची हजारो माणसे काम करत होती. एकाच मजकुरात सर्वांचे बदल सांभाळण्यासाठी ते जे साधन वापरत होते ते विनामूल्य मिळेनासे झाले, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवे साधन लिहिले. त्याच वर्षीच्या जुलैपासून जुनियो हमानो यांनी त्याची देखभाल हाती घेतली. अशा साधनांना आवृत्ती-नियंत्रण प्रणाली म्हणतात.

गिटमध्ये मजकूर बदलला की आपण एक ‘नोंद’ करतो. संगणकवाले तिला कमिट म्हणतात. नोंदीत त्या वेळचा सगळा मजकूर, बदल करणाऱ्याचे नाव, तारीख, वेळ आणि ‘याआधीची नोंद कोणती’ हे असते. या सर्व माहितीवर एक गणिती क्रिया करून गिट त्या नोंदीचा ठसा काढते. हा ठसा म्हणजे ० ते ९ हे अंक आणि सहा इंग्रजी अक्षरे यांतून बनलेली ४० चिन्हांची ओळ. नोंदीत एक काना जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. आणि प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा असल्यामुळे, मागच्या एखाद्या नोंदीत कोणी गुपचूप फेरफार केला तर तिच्या पुढच्या सगळ्या नोंदींचे ठसे जुळेनासे होतात. (ठसा काढण्याची जुनी रीत फसवता येते हे २०१७ साली दाखवले गेले. त्यामुळे ६४ चिन्हांचा अधिक भक्कम ठसा वापरण्याची सोयही आता गिटमध्ये आहे.)

नोंदींच्या साखळीच्या टोकाला जे नाव लावलेले असते ती ‘शाखा’. नवी नोंद झाली की नाव पुढे सरकून तिच्यावर जाऊन बसते. शाखा म्हणजे फार मोठे काही नाही. ती एका नोंदीकडे दाखवणारी पाटी आहे, एवढेच.

भिंतीवरचा भाव

आता आपण मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा, अमरावतीच्या एका शाळेने आणि अकोल्याच्या एका शाळेने मिळून वऱ्हाडी बोलीचा शब्दकोश करायचे ठरवले. सामाईक कोश इंटरनेटवरच्या एका संगणकात ठेवला. त्याला आपण भांडार म्हणू. दोन्ही शाळांनी त्या भांडाराची पूर्ण प्रत आपापल्या संगणकावर उतरवून घेतली. या क्रियेला क्लोन म्हणतात. क्लोन करताना केवळ आजचा मजकूर येत नाही, तर पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी येतात.

जेथून प्रत उतरवली त्या भांडाराला गिट आपणहून ‘ओरिजिन’, म्हणजे ‘मूळ’, असे नाव देते. तेथील मुख्य शाखेचे नाव ‘मेन’ आहे असे धरू. तर अमरावतीच्या संगणकावर आता दोन पाट्या तयार होतात. एक ‘मेन’, ही अमरावतीची स्वतःची शाखा. दुसरी ‘ओरिजिन/मेन’. ही दुसरी पाटी कसली?

पुष्कळांना वाटते की ‘ओरिजिन/मेन’ म्हणजे दूरच्या भांडारातील मेन शाखा. तसे नाही. ती आहे अमरावतीच्याच संगणकावर. दूरची शाखा कोठवर गेली होती, हे शेवटचे विचारले तेव्हा जे कळले त्याची ती आठवण आहे. हिला दूरच्या शाखेची मागोवा-शाखा म्हणता येईल.

एक साधे उदाहरण घ्या. गावातला शेतकरी अकोल्याच्या बाजारात जाऊन येतो आणि कापसाचा भाव घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवतो. भिंतीवरचा आकडा खोटा नसतो; पण तो बाजारातला आजचा भावही नसतो. तो बाजाराला गेल्या खेपेचा भाव असतो. भिंतीकडे कितीही वेळ पाहिले तरी तो बदलणार नाही. बदलायचा तर बाजारात जाऊन यावे लागेल, किंवा कोणाला तरी विचारावे लागेल. ‘ओरिजिन/मेन’ ही अशी भिंत आहे.

दोन पुढे, तीन मागे

सोमवारी दोन्ही शाळांनी प्रत उतरवली. तेव्हा शेवटची नोंद ‘ट’ होती. अमरावतीच्या मुलांनी त्या आठवड्यात दोन नोंदी केल्या: ‘ठ’ आणि ‘ड’. एका नोंदीत ‘वावर’ म्हणजे शेत हा शब्द घातला, दुसरीत ‘भेदरं’ म्हणजे टोमॅटो. तिकडे अकोल्याच्या मुलांनी तीन नोंदी केल्या: ‘ढ’, ‘ण’ आणि ‘त’. त्या त्यांनी मूळ भांडाराकडे पाठवूनही दिल्या. पाठवण्याला पुश म्हणतात.

शुक्रवारी अमरावतीच्या मुलांनी गिटला विचारले, ‘आपली स्थिती काय?’ गिट उत्तर देते, ‘तुमची शाखा ओरिजिन/मेनच्या दोन नोंदी पुढे आहे.’ मुलांना आनंद होतो. आपण पुढे आहोत, मागे नाही! पण हे उत्तर देताना गिटने इंटरनेटवर जाऊन पाहिलेले नसते. त्याने फक्त घरातल्या दोन पाट्यांची तुलना केलेली असते. एक पाटी ‘ड’वर आहे, दुसरी सोमवारपासून ‘ट’वरच आहे. उत्तर खरे आहे. पण ते सोमवारच्या आठवणीच्या मानाने खरे आहे. आणि मुलांनी एकही नोंद केलेली नसती तर गिटने ‘तुम्ही ओरिजिन/मेनच्या बरोबरीला आहात’ असे सांगितले असते. तेव्हाही अकोल्याच्या तीन नोंदी त्यांच्याकडे नसत्याच!

मग मुले आज्ञा देतात, ‘फेच’. फेच म्हणजे आणणे. गिट मूळ भांडाराशी बोलते, आपल्याकडे नसलेल्या ‘ढ’, ‘ण’, ‘त’ या नोंदी उतरवून घेते, आणि ‘ओरिजिन/मेन’ ही पाटी ‘त’वर नेऊन ठेवते. आता पुन्हा स्थिती विचारली की उत्तर येते, ‘दोन शाखा वेगळ्या वाटांनी गेल्या आहेत, तुमच्या दोन नोंदी वेगळ्या, तिकडच्या तीन वेगळ्या.’ म्हणजेच दोन पुढे, तीन मागे. हे आकडे काढण्यासाठी गिट दोन्ही टोकांपासून मागे मागे जात दोघांची शेवटची समान नोंद शोधते. येथे ती ‘ट’.

आणणे वेगळे, मिसळणे वेगळे

फेच केल्यावर अमरावतीच्या स्वतःच्या ‘मेन’ शाखेला काय झाले? काहीच नाही. ती ‘ड’वरच आहे. मुलांनी लिहिलेला एक शब्दही हललेला नाही. दुसऱ्याचा पाठ घरात आला, पण तो ‘ओरिजिन’ या नावाखाली शेजारी ठेवला गेला. रिद्धपूरच्या परंपरेतील ‘एकी वासना’ आठवली ना? फेच म्हणजे तशीच नोंद: ‘दूरच्या पाठाप्रमाणे असे आहे.’

दोन पाठ एकत्र करणे ही दुसरी, स्वतंत्र क्रिया. तिला मर्ज म्हणतात. फेच आणि मर्ज लागोपाठ करून देणारी ‘पुल’ नावाची आज्ञाही आहे. ती सोयीची आहे. पण तिकडून काय आले ते न वाचताच मिसळून टाकण्याची सवय तिच्यामुळे लागू शकते. शिकणाऱ्याने आधी आणावे, वाचावे आणि मग मिसळावे हे बरे.

मर्ज करताना गिट तीन मजकूर समोर ठेवते: अमरावतीचा ‘ड’, अकोल्याचा ‘त’ आणि दोघांचा पूर्वज ‘ट’. ‘भेदरं’ हा शब्द अमरावतीच्या प्रतीत आहे, अकोल्याच्या प्रतीत नाही. पूर्वजात तो नाही. म्हणजे अमरावतीने नवा घातला, तो ठेवावा. आणखी एखादा शब्द अकोल्याच्या प्रतीत नाही, पण पूर्वजात आणि अमरावतीच्या प्रतीत आहे. म्हणजे अकोल्याने तो विचारपूर्वक काढला, तो काढावा. राहिले की घातले, हा जो प्रश्न लीळाचरित्राच्या संपादकांना छळत होता तो येथे क्षणात सुटतो. गिट त्या संपादकांपेक्षा हुशार आहे असे नव्हे. त्याच्यापाशी समान पूर्वज शाबूत आहे, हेच त्याचे कारण.

पण कधी कधी गिटही थांबते. समजा, पूर्वजात ‘सांबार: कोथिंबीर’ अशी ओळ होती. अमरावतीने ती ‘सांबार: हिरवी कोथिंबीर’ अशी केली. अकोल्याने तीच ओळ ‘सांबार: कोथिंबीर, इडलीबरोबरचे सांबार निराळे’ अशी केली. एकाच ओळीत दोघांनी दोन बदल केले. आता कोणाचे घ्यावे? गिट ठरवत नाही. ते दोन्ही ओळी एकाखाली एक मांडते, खुणा करते आणि माणसाला म्हणते, तुम्ही ठरवा. याला संघर्ष म्हणतात. भाषेची जाण माणसाला असते, यंत्राला पाठांची नोंद ठेवता येते. प्रत्येकाने आपले काम करावे हेच योग्य.

मुलांनी ती ओळ ठरवून मिसळण पुरी केली की एक नवी नोंद तयार होते. तिला पूर्वज एक नसतो, दोन असतात: ‘ड’ आणि ‘त’. त्यामुळे कोणता पाठ कोठून आला, हे पुढेही केव्हाही पाहता येते.

बळजबरीचा धोका

समजा, मुलांनी फेच न करताच शुक्रवारी आपल्या दोन नोंदी पुश केल्या असत्या तर? मूळ भांडाराने त्या नाकारल्या असत्या. याचे कारण उघड आहे. भांडारातील मेन शाखा ‘त’वर आहे. अमरावतीची ‘ड’ ही नोंद ‘त’च्या पुढची नाही. पाटी ‘त’वरून उचलून ‘ड’वर ठेवली तर ‘ढ’, ‘ण’, ‘त’ या तिन्ही नोंदी शाखेवरून निसटतील आणि अकोल्याच्या मुलांचे आठवड्याचे काम कोशातून नाहीसे होईल.

हा नकार धुडकावून बळाने ढकलण्याची आज्ञाही गिटमध्ये आहे. भांडार चालवणाऱ्याने तिला मनाई केलेली नसेल तर ती चालते. घाईत ती वापरून दुसऱ्यांचे काम पुसून बसणारे लोक थोडे नाहीत. म्हणून तिचे एक सावध रूप काढण्यात आले. त्याला ‘फोर्स-विथ-लीज’ म्हणतात. हे रूप भांडाराला सांगते, ‘माझ्या आठवणीप्रमाणे तुझी शाखा अमुक नोंदीवर आहे. अजून तेथेच असेल तरच माझे घे. पुढे सरकली असेल तर घेऊ नको.’ भिंतीवरचा भाव आणि बाजारातला भाव जुळतो का ते आधी पाहा, असाच याचा अर्थ. अर्थात, नुकतेच फेच करून ते वाचलेच नसेल तर हीही सावधगिरी फोल ठरते. आठवण ताजी होते, पण माणसाने ती पाहिलेली नसते.

आठवणीचा आणखी एक चमत्कार पाहा. अकोल्याच्या मुलांनी म्हणींसाठी ‘म्हणी’ नावाची वेगळी शाखा काढली, काम झाल्यावर ती मुख्य शाखेत मिसळली आणि मूळ भांडारातून ती पुसली. तरी अमरावतीच्या संगणकावर ‘ओरिजिन/म्हणी’ ही पाटी तशीच उभी राहते. नेहमीचे फेच ती काढत नाही. ‘प्रून’, म्हणजे छाटणी, अशी सूचना दिली तरच तिकडे नसलेल्या शाखांच्या आठवणी इकडून जातात.

मूळ भांडार बंद पडले तेव्हा

लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली. तसे एखाद्या मोठ्या भांडाराचे झाले तर? असा प्रसंग २०११ साली खरोखरच आला. लिनक्सचा मजकूर जेथे ठेवला जातो त्या कर्नल डॉट ऑर्ग या ठिकाणच्या संगणकांत परक्यांनी घुसखोरी केल्याचे ऑगस्टच्या अखेरीस उघड झाले. ते ठिकाण महिन्याहून अधिक काळ बंद ठेवावे लागले. पण लिनक्सचा मजकूर गेला नाही. टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबरमध्ये आपली प्रत तात्पुरती दुसऱ्या ठिकाणी ठेवली आणि काम चालू राहिले. जगभरच्या असंख्य संगणकांवर साऱ्या नोंदींच्या पूर्ण प्रती होत्या. कोणी मूळ ठिकाणी चोरून बदल केला असता तर ठसे न जुळल्यामुळे तो उघडा पडला असता.

रिद्धपूरच्या पोथीला ठशांचे संरक्षण नव्हते. माणसांची स्मृती होती. तरी ग्रंथ वाचला, आणि तो वाचला याची कारणे दोन. एक, तो अनेकांपाशी होता. दुसरे, कोणाचा पाठ कोणता हे नाव घालून सांगितलेले होते. पहिले कारण नसते तर ग्रंथच उरला नसता. दुसरे नसते तर उरलेल्या मजकुरातले काय कोणी सांगितले, हे आपल्याला कधीच कळले नसते. हिराइसा आज आपल्याला नावाने माहीत आहे ती या सवयीमुळे.

दूरच्या माणसाचे म्हणणे आपल्याजवळ असते ते त्याने शेवटचे सांगितले त्या दिवसाचे असते. त्यावर त्याचे नाव आणि तारीख असावी, ते आपल्या म्हणण्यात न कळत मिसळू नये, आणि निर्णय घेण्यापूर्वी एकदा पुन्हा विचारून घ्यावे. गिटमधील मागोवा-शाखा एवढेच काम करते. पण हे काम ज्यांनी शतकांपूर्वी, हजारो पानांवर, बोरूने केले असते, त्यांचे आजच्या अभ्यासकांनी किती आभार मानले असते!

करून पाहा

या प्रयोगाला संगणक लागत नाही. दोन गट करा, अमरावती गट आणि अकोला गट. आपल्या भागातील वीस शब्दांची अर्थांसह एक यादी करून तिच्या तीन सारख्या प्रती काढा. एक प्रत पाकिटात बंद करून शिक्षकांजवळ द्या. हा समान पूर्वज.

प्रत्येक गटाने एक वही घ्यावी. उजवे पान स्वतःच्या यादीसाठी; डावे पान दुसऱ्या गटाकडून आलेल्या पत्रासाठी. नियम दोन. उजव्या पानावर फक्त स्वतःच्या हाताने बदल करायचे. डावे पान फक्त पत्र आल्यावरच बदलायचे आणि त्यावर तारीख घालायची. आठवडाभर रोज थोडे शब्द घाला, काही काढा, काही अर्थ सुधारा. पत्र मात्र दोनदाच पाठवा.

शेवटच्या दिवशी पाकीट न उघडता दोन्ही याद्या एक करण्याचा प्रयत्न करा. कोणकोणत्या शब्दांवर वाद झाला ते मोजून ठेवा. मग पाकीट उघडा आणि पूर्वज यादी मध्ये ठेवून पुन्हा तेच काम करा. वाद किती उरले? जे उरले ते कोणत्या प्रकारचे आहेत? आणि डाव्या पानावरचे पत्र शेवटच्या दिवशीच्या खऱ्या यादीशी कितपत जुळते?

शिक्षकांनी भाषेचा आणि विज्ञानाचा तास जोडून हा प्रयोग घेतल्यास उत्तम. शाळेत संगणक असेल तर तीच यादी पुढे गिटमध्ये घालता येईल. तेव्हा ‘ओरिजिन/मेन’ हे शब्द पडद्यावर दिसताच मुलांना वहीचे डावे पान आठवेल, आणि त्यावरची तारीख पाहण्याची सवयही लागेल.